काचेत ठेवलेल्या बाळाची झोप आणि ती आपण कशी मोडतो

"सिस्टर, बाळ डोळेच उघडत नाही हो. काल तीनदा येऊन गेले, आज पण तेच." आई पोटावर हात धरून उभी असते, सिझरचे टाके अजून ओले असतात, वरच्या वॉर्डातून भिंतीला धरून हळूहळू चालत आलेली असते आणि तिला वाटतं की मी एवढं चालत आले तर बाळानं निदान एकदा तरी बघावं. मग ती काचेच्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) गोल खिडकीतून हात आत घालते आणि तळपायाला हळूच गुदगुली करते. बाळ दचकतं, हातपाय फाकवतं, तोंड वाकडं करतं, मॉनिटर वाजायला लागतो आणि ती घाबरून हात बाहेर काढते. तिची काहीच चूक नसते, कारण ते बाळ आत्ता काय करत होतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी एनआयसीयूत, म्हणजे तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या झोपेबद्दल मला जे शिकायला मिळालं ते इथे लिहितेय, आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि या कामात नव्यानं आलेल्या सिस्टर मुलींसाठी पण.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर. २०२० साली जगात अशी साधारण १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, म्हणजे कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यामुळे हा विषय कुणा एकाच्याच घरचा नाही, आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात कुणाचं तरी बाळ "काचेत ठेवलंय" असं आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. (आणि सातव्या महिन्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही असं जे म्हणतात ना ते साफ खोटं आहे. बाळ जितके जास्त दिवस पोटात राहील तितकं बरं, एवढंच खरं.)

आता असं बघा, २९ आठवड्यांचं बाळ पोटात असतं तर काय करत असतं? झोपलेलं असतं. दिवसाचा जवळपास ९० टक्के वेळ झोप. आजूबाजूला अंधार, ऊब, सगळ्या बाजूंनी मऊ भिंत, आईच्या काळजाचे ठोके, तिचा आवाज पाण्यातून यावा तसा दबका. आणि हेच बाळ अकरा आठवडे आधी बाहेर येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर ट्यूबलाइट असते, नाकात नळी, पायाला लाल दिवा चमकणारा सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब, छातीवर तीन चिकटपट्ट्या, आणि चोवीस तास कुणी ना कुणी त्याला हात लावत असतं. त्याला झोप मात्र तेवढीच लागते जेवढी पोटात लागत होती. जन्म लवकर झाला म्हणून मेंदूचं वेळापत्रक काही लवकर सरकत नाही.

मेंदूचं म्हणतेय कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच असतं, म्हणजे शेवटच्या सहा आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त मेंदू तयार व्हायचा बाकी असतो. २८ आठवड्यांना तर मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो, त्या ज्या घड्या आपण अक्रोडासारख्या चित्रात बघतो त्या अजून पडायच्या असतात. हे सगळं बांधकाम एनआयसीयूत, त्या पेटीत, आमच्या अलार्मच्या आवाजात चालू असतं आणि त्यातलं बरंचसं झोपेत होतं.

झोप म्हणजे एकच एक प्रकार नसतो. तान्ह्या बाळात दोन मुख्य प्रकार धरतात, एक चंचल झोप आणि एक शांत झोप, डॉक्टर त्यांना अॅक्टिव्ह स्लीप आणि क्वाएट स्लीप म्हणतात. शांत झोपेत बाळ खरंच झोपल्यासारखं दिसतं, श्वास एका लयीत, चेहरा स्थिर, हातपाय सैल, मधूनच एखादा दचका किंवा चोखल्यासारखी तोंडाची हालचाल. चंचल झोपेत मात्र सगळं चालू असतं, पापण्यांच्या आत बुबुळं फिरतात, बोटं फडफडतात, भुवया वर जातात, ओठ मुरडतात, कधी हसल्यासारखं करतं, कधी रडवेलं तोंड, कण्हतं, श्वास मध्येच भरभर मध्येच हळू. आई बघते आणि म्हणते उठलं की काय, आजी म्हणते सटवाई हसवतेय. बाळ उठलेलं नसतं. ते गाढ आपल्या कामात असतं.

या चंचल झोपेचा शोध पण तान्ह्या बाळांकडे बघूनच सुरू झाला. शिकागोत युजीन अॅसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या हालचाली तासन् तास बघत बसायचा, त्यातून पुढे १९५३ मध्ये त्यानं आणि त्याचे गुरू नॅथानिएल क्लाइटमन यांनी मोठ्या माणसांतली रेम झोप (चंचल झोपेचंच मोठेपणीचं रूप) जगापुढे मांडली, तीच जिच्यात स्वप्नं पडतात. मग १९६६ मध्ये रॉफवार्ग, मुझिओ आणि डेमेंट या तिघांनी एक साधी पण फार मोठी गोष्ट लक्षात आणून दिली. मोठ्या माणसाच्या झोपेत या प्रकारचा वाटा २० ते २५ टक्के, पूर्ण दिवसांच्या बाळात ५० टक्के, आणि दिवस भरायच्या आधीच्या बाळात त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मेंदू जितका कच्चा तितकी ही झोप जास्त. त्यांनी विचारलं, का? आणि त्यांचं उत्तर होतं की बाहेरून काही दिसत नाही, ऐकू येत नाही, त्या काळात मेंदू स्वतःच स्वतःला आतून चालना देतो, वायरिंग तपासून बघावी तसं.

पुढे आयोवा विद्यापीठात मार्क ब्लूमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि झोपेत ती जी बोटं, पाय, मिशा फडफडतात त्याकडे बारकाईनं पाहिलं. झोपेत पाय टकन हलला की त्या हालचालीची खबर मेंदूकडे परत जाते, हा पाय माझा, तो इथे जोडलाय, असा नकाशा पक्का होत जातो, आणि जागेपणीच्या हालचालीपेक्षा झोपेतल्या या छोट्या झटक्यांची खबर मेंदूत जास्त ठळक उमटते असं त्यांना दिसलं. तेव्हापासून मी पेटीतल्या बाळाची करंगळी हलताना बघते तेव्हा मला ते वेगळंच दिसायला लागलंय. नातेवाइकांना मी आता हेच सांगते, बाळ कामावर गेलंय, शिफ्ट संपू द्या.

आणि शिफ्ट फार मोठी नसते. मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, तान्ह्याचं तासाभराचं. चंचल, मग शांत, मग पुन्हा चंचल. तीसबत्तीस आठवड्यांच्या बाळात तर हे प्रकार अजून नीट वेगळे पण पडलेले नसतात, चक्र आत्ता कुठे बसायला लागलेलं असतं. त्यात आम्ही दर वीस मिनिटांनी काहीतरी करायला गेलो तर एकही चक्र पूर्ण होत नाही. बाळ बारा तास डोळे मिटून पडलेलं असतं आणि तरी त्याला झोप मिळालेली नसते, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट, तेव्हा मी ज्या हॉस्पिटलला होते तिथली. रात्रपाळी, साडेअकराशे ग्रॅमचं बाळ, नुकतंच शांत झालेलं. मी औषधाचा स्टीलचा ट्रे पेटीच्या छतावर ठेवला, जोरात नाही, नेहमीसारखाच, सगळे ठेवायचे तिथेच. आत बाळाचे दोन्ही हात एकदम हवेत गेले, बोटं फाकली, रंग उतरला आणि सॅच्युरेशन ९३ वरून ७८ वर आलं. पाठीला हात देऊन, ऑक्सिजन थोडा वाढवून पुन्हा जागेवर यायला काही मिनिटं गेली. आमच्या सीनिअर सिस्टर काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त मला एका रिकाम्या पेटीत कान घालायला लावला आणि वरून तोच ट्रे ठेवला. तो आवाज मी अजून विसरलेली नाही. बाहेर टक्, आत ढोल.

तर आवाज. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ मध्येच सांगितलं होतं की एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या वर जायला लागला की ती काळजीची गोष्ट समजावी. ४५ म्हणजे किती, तर आपण दोघं समोरासमोर साधं बोलतो ते ६० च्या आसपास असतं. आणि डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही, दर १० नं आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे ४५ चं ६५ झालं तर चौपट. पेटीची खिडकी खट्कन लावणं, काचेवर बोटानं टकटक करून "ए बाळा" म्हणणं, पेटीला टेकून राउंडच्या गप्पा, खाली पेडल दाबून डस्टबिनचं झाकण आपटणं, वाजणारा मोबाइल, आणि आमचे अलार्म, जे वाजत राहतात कारण कुणीतरी दुसरं बंद करेल असं प्रत्येकाला वाटतं. यातलं बहुतेक सगळं पैसे न घालवता कमी होतं. खिडकीची कडी अंगठ्यानं दाबून धरून लावली तर आवाज येत नाही. अलार्म कुणाच्याही बाळाचा असो, जवळ असेल तिनं आधी बाळ बघायचं आणि मग तो बंद करायचा. पेटीवर काही ठेवायचं नाही, फाइल सुद्धा नाही.

पण आवाज नको म्हणजे मुकं राहायचं असं नाही हं. बाळाला साधारण २५ आठवड्यांपासून ऐकू यायला लागतं आणि त्यानं पोटात सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज आईचा असतो. आईनं पेटीजवळ हळू आवाजात बोलावं, गुणगुणावं, अंगाई म्हणावी, बाळ जागं असेल तेव्हा, आणि थोडाच वेळ. मोबाइलवर गाणं लावून तो पेटीत ठेवू नका, एका ताईंनी गायत्री मंत्र लावून फोन बाळाच्या कानाशी ठेवला होता, भावना मला कळते पण बाळाला त्यांचाच आवाज हवा होता आणि त्या शेजारीच तर उभ्या होत्या.

हात लावणं हा आवाजापेक्षा पण मोठा विषय. जुन्या अभ्यासांत मोजलंय की एनआयसीयूतल्या बाळाला दिवसात शंभराहून जास्त वेळा हाताळलं जातं. आकडा ऐकून धक्का बसतो पण मोजा तुम्हीच, दर दोनतीन तासांनी नळीतून दूध, लंगोट बदलणं, ताप बघणं, प्रोबची जागा बदलणं, आयव्ही (सलाइनची सुई) बघणं, टाचेला टोचून शुगर, सक्शन (नळीनं घशातला चिकटा ओढणं), वजन, एक्सरेवाले येतात, सोनोग्राफीवाले येतात, राउंडला डॉक्टर, मग त्यांचे विद्यार्थी, मग मावशी गादी बदलायला. प्रत्येकाचं काम गरजेचंच असतं, फक्त कुणाला दुसऱ्याचं माहीत नसतं.

म्हणून कामं एकत्र करायची. दूध द्यायच्या वेळेलाच ताप, लंगोट, प्रोब, शुगर सगळं, आणि मग दोन तास हात नाही. पण इथे पण एक मेख आहे, अगदी नाजूक बाळावर एका दमात सहा गोष्टी केल्या तर ते थकून निळं पडतं, त्यामुळे बाळ काय सांगतंय ते बघत बघत करायचं, मध्ये थांबायचं. बाळ सांगतं म्हणजे खरंच सांगतं. अमेरिकेत बोस्टनला हायडेलिस आल्स नावाच्या बाई होत्या, मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९८० च्या दशकात हे वाचायची पद्धत बसवली, तिला निडकॅप म्हणतात. बाळ हाताची बोटं पंख्यासारखी फाकवतं, हात समोर करून "थांबा" म्हटल्यासारखं धरतं, पाय हवेत ताठ करतं, जांभया देतं, शिंका देतं, अंगावर संगमरवरासारखे पट्टे उमटतात, उचकी लागते. उचकी लागली की आपल्याकडे म्हणतात बाळ वाढतंय, पूर्ण दिवसांच्या गुटगुटीत बाळाचं ठीक आहे, पण पेटीतल्या बाळाला हाताळताना उचकी लागली तर बऱ्याचदा ते "आता पुरे" असं म्हणत असतं.

आणि हात लावायचाच आहे तर कसा? आधी हळू आवाजात नाव घ्या किंवा काही बोला. मग हात कोमट करून नुसता ठेवा, एक तळहात डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांना धरून, हलवायचा नाही, कुरवाळायचं नाही, थोपटायचं नाही. एवढ्या कच्च्या त्वचेला बोटानं हलकं कुरवाळणं हे टोचल्यासारखं होतं, स्थिर हात मात्र पोटातल्या भिंतीसारखा वाटतो. मिनिटभर थांबा. मग लंगोट बदला, तोही बाळाला कुशीवर वळवून, दोन्ही पाय धरून वर उचलून नाही. शक्य असेल तर काम चंचल झोपेत किंवा जागेपणी करायचं, शांत झोपेतून उठवायचं नाही. तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी, जीव आधी, त्यात काही वादच नाही.

टाचेला टोचणं टळत नाही, पण टोचताना बाळ गुंडाळलेलं असेल, कुणी त्याचे हातपाय पोटाशी धरलेले असतील, तोंडात आईच्या दुधाचे थेंब असतील तर दुखणं कमी होतं आणि नंतर पुन्हा झोप लागायला वेळ कमी लागतो. आईला विचारलं तर ती आनंदानं धरते. तिला तिथून बाहेर काढायची आपली सवय जुनी आहे, ती सोडायला हवी.

उजेडाचं थोडक्यात. २४ तास झगझगीत दिवे हे सगळ्यात वाईट. फार लवकरच्या बाळाला अंधूक उजेड, आणि साधारण ३२ आठवड्यांपुढच्या बाळाला दिवसा सौम्य उजेड आणि रात्री अंधार, असा फरक ठेवणं चांगलं, सततच्या प्रखर उजेडापेक्षा दिवसरात्रीच्या उजेडात बाळं बरी वाढतात आणि लवकर घरी जातात असं अभ्यासांत दिसलंय. पेटीवर जाड सुती कापड टाकतात ते यासाठीच, फक्त बाळाचा चेहरा आणि रंग दिसायला एक बाजू उघडी हवी आणि मॉनिटर चालू हवा. एक गैरसमज मात्र काढून टाका, कापड टाकल्यानं डोळ्यांचा पडद्याचा आजार, आरओपी, टळत नाही. १९९८ मध्ये मोठा अभ्यास झालाय, उजेड कमी केल्यानं त्यात फरक पडला नाही. तो ऑक्सिजनशी आणि बाळ किती लवकर जन्मलं त्याच्याशी जोडलेला आहे, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी ठरल्या दिवशी झालीच पाहिजे.

पोटात बाळाला दिवसरात्र कळते ती आईच्या मेलाटोनिनमुळे (रात्री अंगात तयार होणारं झोपेचं संप्रेरक), ते वारेतून त्याच्याकडे जातं. जन्मानंतर ते बंद होतं आणि बाळाचं स्वतःचं घड्याळ बसायला महिने लागतात. पण रात्रीच्या अंगावरच्या दुधात मेलाटोनिन दिवसाच्या दुधापेक्षा जास्त असतं, निसर्गानं तेवढी सोय ठेवलीय. आईचं दूध कमी पडत असेल तर मिल्क बँकेचं दूध मिळू शकतं, आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आपल्यासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे.

आता माझ्या आवडीचा भाग, कांगारू.

१९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं जास्त, एका पेटीत दोनदोन तीनतीन बाळं, जंतुसंसर्गानं जायची. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी आयांनाच पेटी केलं. बाळ फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखं, वरून कापड बांधलेलं. गरिबीतून आलेला उपाय होता, आणि आज तो श्रीमंत देशांतल्या सगळ्यात भारी एनआयसीयूत पण पहिल्या ओळीत आहे.

झोपेच्या दृष्टीनं कांगारूत काय होतं ते बघा. ऊब आईची, वर खाली होणारी छाती, काळजाचा ठोका, ओळखीचा वास, चारी बाजूंनी बांधलेलं अंग, डोळ्यावर अंधार. जे जे पेटीत हरवलं होतं ते बहुतेक सगळं परत मिळतं. अमेरिकेत सुझन लुडिंग्टन-हो यांनी बाळांना ईईजी (मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र) लावून पाहिलं, २००६ मध्ये ते छापून आलं, तर कांगारूतल्या बाळांची झोप पेटीतल्यापेक्षा कमी वेळा मोडत होती. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांनी त्याहून चिकाटीचं काम केलं, काही बाळांना १४ दिवस रोज एक तास कांगारू दिलं आणि मग ती मुलं दहा वर्षांची होईपर्यंत बघत राहिल्या. दहाव्या वर्षी पण त्या मुलांची झोप जास्त नीट बसलेली होती आणि ताण आला तर त्यांचं शरीर जास्त शांतपणे तो घेत होतं. १४ दिवस रोज एक तास, एवढंच.

आणि जिवाचं म्हणाल तर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया, १ किलो ते १.८ किलोच्या आतली ३२०० हून जास्त बाळं, आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल त्यात होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच कांगारू सुरू केलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. ही बाळं दिवसाला जवळपास १७ तास कांगारूत होती. त्यासाठी आईचा पलंगच एनआयसीयूच्या आत नेला गेला. २०२२ पासून संघटनेचा सल्ला तोच आहे, दिवसाला ८ ते २४ तास, आणि लवकरात लवकर.

आमच्याकडे अडचण कुठे येते तर "थोडा वेळ कांगारू दिलं" यात. आई येते, खुर्चीवर बसते, बाळ वायरीसकट उचलून छातीवर ठेवायचं, ते बाळासाठी कष्टाचं असतं, शांत व्हायला दहापंधरा मिनिटं लागतात, आणि वीस मिनिटांत कुणीतरी म्हणतं चला आता राउंड आहे. म्हणजे कष्ट तेवढे झाले आणि झोप मिळालीच नाही. कमीत कमी एक तास, म्हणजे निदान एक झोपेचं चक्र पूर्ण होईल. बसायच्या आधी आईनं लघवीला जाऊन यावं, पाणी पिऊन घ्यावं, फोन बाहेर ठेवावा, साडी किंवा गाऊन पुढून उघडणारा. आणि वडील पण देऊ शकतात, आजी, मावशी, आत्या पण. बाबा लोक सुरुवातीला लाजतात, शर्टाची बटणं काढताना इकडेतिकडे बघतात. मागच्या वर्षी एक बाबा होते, ऊसतोडीवरून आलेले, हात इतके खरबरीत की म्हणाले सिस्टर माझा हात नको लागायला त्याला. मी म्हटलं दादा, हात नाही, छाती द्या. दीड तास हलले नाहीत. बाळाचा श्वास असा लयीत पडत होता की मी मॉनिटरकडे न बघता सांगू शकले असते, आता शांत झोप लागलीय.

पेटीत असताना बाळाला घरटं करून देतो, सुती कापडाची वळकटी करून त्याच्या भोवती गोल, पाय टेकायला कडा हवी, हात तोंडाजवळ. पोकळीत हातपाय फेकत बाळ झोपू शकत नाही. कधी कधी आम्ही पालथं पण झोपवतो, कारण पालथं असताना श्वास बरा चालतो आणि शांत झोप जास्त लागते. पण ते फक्त मॉनिटर लावलेला असताना. घरी जायच्या बरंच आधी आम्ही बाळाला पाठीवर झोपायची सवय लावतो आणि घरटं काढून टाकतो, याचं कारण खाली सांगते.

औषधांबद्दल आईवडील दोन गोष्टी विचारतात. एक, बाळाला कॅफिन देताय म्हणे, कॉफीतलं, मग ते झोपणार कसं? लवकर जन्मलेलं बाळ श्वास घ्यायचं मध्येच विसरतं, जास्त करून चंचल झोपेत, त्यासाठी कॅफिन. २००० हून जास्त बाळांवरच्या अभ्यासात त्यानं फुफ्फुसांचं नुकसान कमी झालं आणि पुढे दीडदोन वर्षांनी सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा होऊन हातपाय नीट न चालण्याचं) प्रमाण पण कमी दिसलं, त्यामुळे झोपेच्या काळजीनं ते बंद करा असं म्हणू नका. आपल्या शरीरातलं कॅफिन पाचएक तासांत अर्ध्यावर येतं, या बाळात त्याला चार दिवस लागू शकतात, म्हणून सकाळी द्या रात्री नको अशा वेळेनं फार फरक पडत नाही. दुसरं, झोपेचं औषध का देत नाही? गुंगीच्या औषधानं बाळ निपचित पडतं, पण त्या पडण्यात झोपेची ती चक्रं नसतात, फेनोबार्बसारखी औषधं तर चंचल झोपच दाबतात. फिट्ससाठी द्यावी लागतात तेव्हा देतातच, पण झोपवायला नाही.

नेदरलँड्समध्ये युट्रेक्टच्या विल्हेल्मिना बालरुग्णालयात आता असा प्रोग्राम बनवलाय जो मॉनिटरवरच्याच आकड्यांवरून, हृदयाचे ठोके, श्वास, ऑक्सिजन, बाळ कुठल्या झोपेत आहे ते सांगायचा प्रयत्न करतो, म्हणजे सिस्टरला कळेल की आत्ता हात लावू की वीस मिनिटं थांबू. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी तान्ह्या बाळांच्या विभागात) एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते मी जाणते, असं मशीन यायला वेळ लागेल. पण पेटीवर "झोपलोय, ३ वाजेपर्यंत हात लावू नका" असा पुठ्ठा लावायला काही लागत नाही. आम्ही लावतो. दुपारी २ ते ४ दिवे कमी, राउंड नाही, एक्सरे अगदी गरजेचा असेल तरच. सुरुवातीला डॉक्टरांनाच अवघड गेलं, आता ते स्वतः दाराशी थांबून विचारतात.

घरी गेल्यावरचं सांगते म्हटलं होतं. घरी बाळ फक्त पाठीवर झोपवायचं. हॉस्पिटलात पालथं झोपवत होते म्हणून घरी पण पालथं, हे चालणार नाही, झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका पालथं झोपवल्यानं वाढतो आणि लवकर जन्मलेल्या बाळात तो मुळातच जास्त असतो. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी ठेवतात, ती नको, कुठलीच उशी नको, चेहऱ्याजवळ सैल दुपटं नको, मऊ गादीत रुतेल असं नको. झोळीत मान पुढे वाकून श्वास अडू शकतो, म्हणून तीही नको. धुरी तर अजिबात नको, ज्या फुफ्फुसांसाठी आपण दोन महिने झगडलो त्यांना धूर द्यायचा नाही, आजींना हे मी पाया पडून सांगते आणि आजी ऐकतात, नीट सांगितलं तर ऐकतात.

पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांतून फोन येतो की बाळ रात्रभर कण्हतं, वळवळतं, तोंड वाकडं करतं, आम्ही सारखं उचलतो. ती चंचल झोप असते, तीच जी पेटीत होती, तेव्हा आवाज काचेच्या आत राहायचा, आता तो तुमच्या उशाशी आहे. लगेच उचलू नका. छातीवर हात ठेवा, मिनिटभर बघा, डोळे मिटलेले असतील आणि रंग गुलाबी असेल तर ते झोपलेलंच आहे. दूध प्यायची वेळ मात्र चुकवायची नाही, लहान बाळ झोपेत भूक विसरतं, डॉक्टरांनी जेवढ्या तासांनी सांगितलंय तेवढ्या तासांनी पाजायचंच. आणि रात्रभर झोपणं, दिवसरात्रीचा फरक कळणं हे जन्मतारखेपासून मोजू नका, डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा, दोन महिने लवकर आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं तरी झोपेच्या बाबतीत ते तीन महिन्यांचंच आहे, शेजारच्या बाळाशी तुलना करून त्या आईला रडवू नका.

ओठ निळे पडले, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, श्वास मध्येच थांबतोय, हलवलं तरी सैल पडलंय, दूध ओढतच नाही, अंग गार लागतंय, यातलं काहीही दिसलं तर ती झोप नाही. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, बाळ छातीशी कांगारूत बांधायचं आणि तसंच निघायचं, रस्त्यात त्याला ऊब पण तीच.